बायकोला पत्ता लागू न देता त्याने एकाच बाईची २४० चित्रं काढली, ती बाहेर आली आणि अमेरिकेत एकच खळबळ उडाली

साल होतं १९८६. ऑगस्ट महिना.

टाइम आणि न्यूजवीक ही अमेरिकेतली दोन बडी साप्ताहिकं. एकमेकांची कट्टर स्पर्धक. पण १८ ऑगस्टच्या अंकात दोघांनीही मुखपृष्ठावर एकच विषय घेतला होता. विषय युद्धाचा नव्हता, निवडणुकीचा नव्हता आणि हॉलिवूडचाही नव्हता. तो होता एका शेजारणीचा. सोनेरी केसांची, रुंद गालांची, बहुतेक चित्रांत न हसणारी एक जर्मन बाई. तिचं नाव हेल्गा टेस्टॉर्फ.

तिला रंगवणारा माणूस होता अँड्र्यू वायथ. त्या वेळी अमेरिकेत घराघरात माहीत असलेला चित्रकार. वय ६९. लग्नाला ४६ वर्षं झालेली. या माणसाने १९७१ ते १९८५ अशी जवळपास १५ वर्षं या एकाच बाईला समोर बसवून २४० च्या आसपास चित्रं काढली होती, त्यातली कित्येक विवस्त्र होती आणि घरात बायकोला याचा पत्ता नव्हता. हेल्गाच्या नवऱ्यालाही नव्हता.

आता हे सगळं ऐकून जे तुमच्या डोक्यात आलं, तेच तेव्हा सगळ्या अमेरिकेच्या डोक्यात आलं. पण ही भानगड समजून घ्यायची तर १९८६ मध्ये थांबून चालत नाही. त्यासाठी अँड्र्यूच्या लहानपणात जावं लागतं. कारण लपूनछपून काम करायची सवय त्याला हेल्गामुळे लागली नव्हती. ती फार जुनी होती.

अँड्र्यूचा जन्म १२ जुलै १९१७ चा. गाव चॅड्स फोर्ड. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात ब्रँडीवाईन नावाच्या नदीकाठचं हे छोटं गाव. त्याचे वडील एन. सी. वायथ हे त्या काळचे नावाजलेले चित्रकार. गोष्टीच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणं हा त्यांचा धंदा. ट्रेझर आयलंड या समुद्री चाच्यांच्या कादंबरीसाठी त्यांनी १९११ मध्ये काढलेली चित्रं एवढी गाजली, की त्याच पैशातून त्यांनी चॅड्स फोर्डमध्ये जमीन घेतली आणि घर बांधलं.

घरात पाच पोरं. अँड्र्यू सगळ्यात धाकटा. सगळीच पोरं हुशार निघाली. त्यातला नॅथॅनिएल इंजिनिअर झाला आणि पुढे त्याने काय शोधलं माहितीये का? प्लॅस्टिकची पेट बाटली. आज आपण स्टेशनवर जी पाण्याची बाटली विकत घेतो, ती या चित्रकाराच्या सख्ख्या भावाची देणगी आहे.

अँड्र्यूची तब्येत मात्र नाजूक. सारखं आजारपण. म्हणून त्याला शाळेत घातलंच नाही. शिकवायला मास्तर घरी यायचे. बाकी वेळ हा एकटाच रानात भटकायचा आणि चित्रं काढायचा. पुढे वडिलांनी त्याला हाताखाली घेतलं आणि रीतसर शिकवायला सुरुवात केली. शिक्षण कडक होतं. जे काढायचं ते आधी नीट बघायचं, त्याच्या आत शिरायचं, मग कागदाला हात लावायचा. शाळा नाही, कॉलेज नाही, आर्ट स्कूल नाही. बाप हीच शाळा.

विसाव्या वर्षी, १९३७ मध्ये, न्यूयॉर्कच्या मॅकबेथ गॅलरीत त्याचं पहिलं प्रदर्शन लागलं. सगळी जलरंगातली चित्रं. सगळीच्या सगळी विकली गेली. या वयात एवढं यश मिळालं की माणूस हुरळून जातो. अँड्र्यूला उलटं वाटायला लागलं. जलरंग आपल्या हाताला फार सहज येतायत, या सहजपणात आपण अडकून पडू, अशी त्याला धास्ती वाटली. मग त्याने दुसरा अवघड रस्ता धरला. त्याच्या मेव्हण्याने, पीटर हर्डने, त्याला टेंपरा शिकवलं. यात रंगाची पूड अंड्यातल्या पिवळ्या बलकात आणि पाण्यात कालवतात आणि बारीक ब्रशने एकावर एक पातळ थर देत जातात. एकेका चित्राला महिने लागतात.

त्याच काळात त्याच्या आयुष्यात बेट्सी आली.

वायथ कुटुंब उन्हाळ्यात मेन या राज्यात समुद्रकिनारी राहायला जायचं. तिथे १९३९ मध्ये, आपल्या बाविसाव्या वाढदिवशी, अँड्र्यूची बेट्सी जेम्सशी गाठ पडली. तिने त्याच दिवशी त्याला आपल्या ओळखीच्या एका घरी नेलं. ते घर होतं क्रिस्टीना ओल्सन आणि तिचा भाऊ अल्वारो या दोघांचं. क्रिस्टीनाचे पाय एका आजाराने निकामी होत गेले होते, पण ती व्हीलचेअरला हात लावायची नाही. जायचं असेल तिथे हातांवर जोर देऊन सरपटत जायची. अशा बाईकडे हा पोरगा कुठल्या नजरेने बघतो, हे बेट्सीला बघायचं होतं असं म्हणतात. थोडक्यात परीक्षाच. पोरगा पास झाला. पुढच्याच वर्षी दोघांचं लग्न झालं.

या लग्नाने अँड्र्यूला बायको मिळाली, सोबत मॅनेजरही मिळाली. कुठलं चित्र विकायचं, कुठलं ठेवायचं, कितीला द्यायचं, प्रिंट कोण छापणार, हे सगळं बेट्सी बघायची. बऱ्याच चित्रांना नावंसुद्धा तिनेच दिली. त्याच्या प्रत्येक कामाची ती नोंद ठेवायची. अँड्र्यूने फक्त चित्रं काढायची, व्यवहाराकडे बघायचंही नाही. बाहेरून बघणाऱ्याला हे सुख वाटेल. होतंही. पण तुमच्या हातून निघालेली प्रत्येक रेघ लगेच कोणाच्या तरी वहीत चढते, हे वर्षानुवर्षं चाललं तर काय होतं, ते पुढे येईलच.

त्याआधी एक अपघात झाला.

१९ ऑक्टोबर १९४५. एन. सी. वायथ आपल्या नातवाला, नॅथॅनिएलच्या पोराला, गाडीत घालून निघाले होते. पोरगं जेमतेम तीन-चार वर्षांचं. घराजवळच्या रेल्वे क्रॉसिंगवर गाडी रुळांवर अडकली आणि समोरून रेल्वे आली. आजोबा आणि नातू दोघंही गेले.

अँड्र्यू तेव्हा २८ वर्षांचा होता. बाप गेला, गुरू गेला आणि एक गोष्ट त्याला आयुष्यभर टोचत राहिली. ज्या माणसाने त्याला बघायला शिकवलं, त्या माणसाचं चित्र त्याने कधीच काढलं नव्हतं. तो पुढच्या वर्षी एका टेकडीसमोर उभा राहिला आणि एक पोरगा ती टेकडी धावत उतरतोय असं चित्र त्याने काढलं. नाव विंटर १९४६. चित्रात फक्त पिवळं गवत आणि तोल जात असलेला पोरगा दिसतो. ज्या ठिकाणी बाप गेला, ते ठिकाण टेकडीच्या पलीकडे आहे. ते चित्रात दिसत नाही.

ही टेकडी लक्षात ठेवा. ती कर्नर नावाच्या शेतकऱ्याची होती.

कार्ल कर्नर मूळचा जर्मन. पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या बाजूने मशिनगन चालवलेला माणूस. नंतर बायको ॲनाला घेऊन अमेरिकेत आला आणि चॅड्स फोर्डमध्ये शेती करायला लागला. कडक, अबोल, रांगडा गडी. वडील गेल्यावर अँड्र्यूला या माणसात काहीतरी सापडलं. १९४८ मध्ये त्याने कार्लचं चित्र काढलं, डोक्यावरच्या छताला मांस टांगायचे लोखंडी हूक आणि खाली कार्लचा चेहरा. अँड्र्यू त्या घरात कधीही यायचा, कुठल्याही खोलीत शिरायचा, कोपऱ्यात बसून काढत राहायचा. त्याला कोणी अडवत नसे, काही विचारतही नसे.

त्याच १९४८ मध्ये तिकडे मेनमध्ये त्याने आणखी एक चित्र पूर्ण केलं. गुलाबी झग्यातली एक बाई गवतात पाठमोरी बसलीये आणि दूरवरच्या घराकडे बघतीये. क्रिस्टीनाज वर्ल्ड. टॉम क्रूझचा ऑब्लिव्हियन सिनेमा बघितला असेल तर त्यात हे चित्र दिसतं. ती बाई म्हणजे क्रिस्टीना ओल्सन. पण क्रिस्टीना तेव्हा ५५ वर्षांची होती, म्हणून धडासाठी अँड्र्यूने बेट्सीला बसवलं होतं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने हे चित्र १,८०० डॉलरला घेतलं. आज ते अमेरिकेतल्या सगळ्यात ओळखीच्या चित्रांपैकी एक आहे.

इथून पुढे अँड्र्यू वायथ हे नाव सुसाट सुटलं. १९६३ मध्ये त्याला प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळालं, चित्रकाराला हा मान मिळायची ती पहिलीच वेळ. १९७० मध्ये त्याच्या चित्रांचं प्रदर्शन थेट व्हाईट हाऊसमध्ये लागलं. पीनट्स या कॉमिकमध्ये स्नूपी कुत्र्याच्या घराला आग लागून त्याचं व्हॅन गॉगचं चित्र जळतं, तेव्हा त्याच्या जागी तो अँड्र्यू वायथचं चित्र लावतो. लोकप्रियता मोजायची याहून चांगली पट्टी सापडणार नाही.

समीक्षकांचा मात्र त्याच्यावर राग होता. तो काळ जॅक्सन पोलॉकसारख्यांचा. कॅनव्हास जमिनीवर अंथरून त्यावर रंग ओघळू देणारे लोक तेव्हा मोठे मानले जात होते. अशा वेळी कोणी गवताची एकेक काडी रंगवत बसला तर तो मागासलेला ठरणारच. लोकांना आवडतं म्हणजे त्यात काही दम नसणार, असंही एक गणित असतं. अँड्र्यू बापासारखा पुस्तकातली चित्रं काढणारा आहे, कलावंत नाही, हा टोमणा त्याला मरेपर्यंत ऐकावा लागला.

१९६७ च्या शेवटी अल्वारो गेला. पुढच्याच महिन्यात क्रिस्टीना गेली. ज्या घरात तो जवळपास ३० वर्षं जाऊन चित्रं काढत होता, ते घर रिकामं झालं. इकडे चॅड्स फोर्डमध्ये कार्ल कर्नर म्हातारा झाला, आजारी पडला. त्याची सेवा करायला एक शेजारीण यायला लागली. तीही जर्मनच. लग्न झालेली, चार मुलांची आई.

ती हेल्गा.

अँड्र्यूने तिला कर्नरच्या घरात बघितलं आणि १९७१ मध्ये तिचं चित्र काढायला सुरुवात केली. तिने याआधी कोणासाठी मॉडेल म्हणून बसायचं काम केलेलं नव्हतं. सुरुवातीची चित्रं साधी आहेत, अंगभर कपड्यातली. जाड हिरवा लोकरी कोट, दोन वेण्या, नजर दुसरीकडे. ओळख वाढत गेली तशी चित्रंही बदलत गेली.

आता प्रश्न असा, की एवढ्या प्रसिद्ध माणसाने १५ वर्षं ही गोष्ट लपवली कशी?

सोप्पं आहे. तो काहीच वेगळं करत नव्हता. अँड्र्यू लहानपणापासून सकाळी घराबाहेर पडायचा आणि रानात, कोणाच्या तरी शेतात, कोणाच्या तरी माळ्यावर बसून काम करायचा. काम पुरं झाल्याशिवाय कोणाला दाखवायचं नाही, ही त्याची पद्धत सगळ्यांना माहीत होती. गावातल्या जुन्या शाळेच्या इमारतीत त्याचा स्टुडिओ होता आणि काम चालू आहे, त्रास देऊ नका, सही मागू नका अशा अर्थाची पाटीच त्याने तिथे लावली होती. कर्नरच्या घरी तर तो कित्येक वर्षं जातच होता. तिथे जातोय म्हटल्यावर संशय घ्यायला जागाच नव्हती.

उन्हाळ्यात तो मेनला जायचा, म्हणजे हेल्गाची चित्रं उरलेल्या महिन्यांतली. म्हणून त्या चित्रांत उघडी झाडं दिसतात, वाळकं गवत, बर्फ, कोट, बंद खिडक्या. हिरवागार उन्हाळा त्यात जवळपास नाहीच. आणि पुरी झालेली चित्रं? ती घरी न्यायचीच नाहीत. ती जवळच्या एका मित्राच्या घरी जमा होत गेली. मित्रानेही या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही.

सगळ्यात भारी गोष्ट घडली १९७६ मध्ये. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने अँड्र्यू वायथचं मोठं प्रदर्शन भरवलं. विषय काय, तर त्याच्या आयुष्यातली दोन घरं, कर्नर आणि ओल्सन. कार्ल कोण, ॲना कोण, ते घर कसं, ती टेकडी कुठली, सगळ्याची चर्चा झाली. त्याच घरात पाच वर्षांपासून एक बाई त्याच्यासमोर बसतीये, हे मात्र कोणाला कळलं नाही.

इथे थोडं चित्रांबद्दल बोलायला हवं, कारण भानगडीच्या नादात तीच मागे पडतात.

हेल्गाची सगळ्यात जास्त चित्रं पेन्सिलीतली आणि जलरंगातली आहेत. जलरंग म्हटलं की आपल्याला शाळेतलं पाण्यात ओघळलेलं निसर्गचित्र आठवतं. अँड्र्यू तसे जलरंगही काढायचा, अगदी झटपट, कागद ओला असतानाच. पण त्याची खासियत होती ड्रायब्रश. यात ब्रश रंगात बुडवायचा आणि मग बोटांनी पिळून त्यातलं पाणी काढून टाकायचं. ब्रशचे केस फिसकारतात आणि त्यांच्या टोकावर नावालाच रंग उरतो. त्या कोरड्या रंगाने ओल्या थराच्या वर एकेक बारीक रेघ ओढत जायची, कापड विणतात तशी. केस, लोकर, त्वचा, सगळं असं धाग्याधाग्याने उभं राहतं. ड्यूरर या ५०० वर्षांपूर्वीच्या जर्मन चित्रकाराचा जलरंगातला ससा बघितला असेल, तर अँड्र्यूला हे कुठून सुचलं ते कळेल. ड्यूरर त्याचं दैवतच होतं.

१९७२ चं ब्लॅक व्हेल्वेट असंच ड्रायब्रशमधलं. हेल्गा आडवी झोपलीये, अंगावर काही नाही, गळ्याला फक्त एक काळी मखमली फीत. मागे भिंत नाही, पलंग नाही, खोली नाही, निव्वळ काळोख. जणू ती त्या काळोखात तरंगतीये.

१९८१ चं लव्हर्स बघा. हेही जलरंग आणि ड्रायब्रशमधलं. उघड्या खिडकीजवळ हेल्गा बसलीये, ऊन अंगावर आलंय आणि तिने तोंड उजेडापासून फिरवलंय. खिडकीतून एक वाळकं पान वाऱ्याने आत आलंय. बस. चित्राचं नाव प्रेमिक आणि चित्रात माणूस एकच. दुसरा कोण, यावर पुढे रकानेच्या रकाने लिहिले गेले. पण चित्रासमोर दोन मिनिटं थांबलं तर कळतं, की यात लाडीगोडी अजिबात नाही. हेल्गा बघणाऱ्याला खूश करायला बसलेली नाही. तिची त्वचा कुठे खरखरीत आहे, कुठे लालसर, कुठे थंडीने ताठरलेली, ते जसंच्या तसं आहे. अँड्र्यूने ज्या नजरेने क्रिस्टीनाचं घर रंगवलं आणि कार्लचे लोखंडी हूक रंगवले, त्याच नजरेने ही बाई रंगवलीये.

एकेका पुऱ्या चित्रामागे पेन्सिलीचे ढीगभर कागद आहेत. नुसता हात, नुसती मान, नुसती वेणी. तासन् तास न हलता बसणं हे कष्टाचं काम असतं आणि हेल्गाने ते १५ वर्षं केलं. ओव्हरफ्लो नावाच्या चित्रात तर ती रात्री खिडकीपाशी झोपलेलीच दिसते. नुसती मॉडेल म्हणून कोणी इतकं निवांत झोपत नाही, एवढा भरवसा त्यात आहे.

कार्ल कर्नर १९७९ च्या जानेवारीत गेला. त्याच्या शेवटच्या आजारपणात अँड्र्यूने स्प्रिंग नावाचं चित्र काढलं होतं, त्याच टेकडीवर वितळत्या बर्फात रुतलेला कार्ल. ज्या घरात हेल्गा भेटली ते घरही असं संपलं. तरी दोघांचं काम चालूच राहिलं.

मग १९८५ उजाडलं. अँड्र्यू ६८ वर्षांचा झाला होता, तब्येतीच्या कुरबुरी चालू होत्या. आपल्यामागे हा ढीग कोणाच्या तरी हाती लागणार, हे त्याला दिसत होतं. त्याने बेट्सीला सांगून टाकलं.

हेल्गा नावाची शेजारीण आहे, हे बेट्सीला माहीत होतं. हेल्गाची मोजकी चित्रंही तोवर बाहेर आलेली होती. पण मित्राच्या घरी साठलेला एवढा मोठा ढीग तिने पहिल्यांदाच बघितला. ज्या बाईने ४५ वर्षं नवऱ्याच्या प्रत्येक कागदाची नोंद ठेवली, तिच्या वहीत १५ वर्षांचं अख्खं एक काम नव्हतंच. कोणाच्याही संसारात हा घाव मोठाच. तिने आदळआपट केली असती तरी कोणी तिला नावं ठेवली नसती. पण पुढे पत्रकारांनी ही चित्रं कशाबद्दल आहेत असं विचारलं, तेव्हा तिने ती प्रेमाबद्दल आहेत असं सांगितलं. एवढंच. आणि आगीत तेल पडलं.

१९८६ मध्ये लिओनार्ड अँड्र्यूज या पेनसिल्व्हेनियातल्याच माणसाने ही सगळी चित्रं एकगठ्ठा विकत घेतली. धंदा काय, तर कायदेविषयक वार्तापत्रं काढणं. किंमत तेव्हाच्या बातम्यांनुसार ६० लाख डॉलर. आणि चित्रांसोबत त्याने कॉपीराइटही घेतला. हा माणूस प्रकाशक होता, छापण्याच्या हक्काला किती किंमत असते हे त्याला बरोबर ठाऊक होतं. हा राष्ट्रीय ठेवा आहे, तो फुटता कामा नये, अशी त्याची भाषा होती.

बातमी फुटली आणि टाइम, न्यूजवीक, टीव्ही, पेपर, सगळे चॅड्स फोर्डवर तुटून पडले. हेल्गाच्या दारात पत्रकार. ती कोणाशी बोलली नाही. १५ वर्षं जिचा चेहरा रंगवला गेला, तिला स्वतःला काय वाटतं ते त्या सगळ्या गोंगाटात कुठेच नव्हतं. बाकी मग प्रत्येकाला मत होतं. त्यांच्यात काय होतं, बायकोला खरंच माहीत नव्हतं का, की नवरा-बायकोने मिळून भाव वाढवायला रचलेला हा बनाव आहे, इथपर्यंत लोक गेले. बनावाचा आरोप तसा पोकळच. भाव वाढवायचाच असता तर चित्रं विकायच्या आधी बातमी फोडली असती. इथे बातमी फुटली ती विकून झाल्यावर आणि वाढलेल्या भावाचा फायदा झाला तो घेणाऱ्याला.

१९८७ च्या मे महिन्यात वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये हेल्गाच्या चित्रांचं प्रदर्शन लागलं आणि नंतर ते देशभर फिरलं. लोकांनी रांगा लावल्या. समीक्षकांनी झोडपलं. त्यांच्या एका मुद्द्यात मात्र तथ्य होतं. एका खासगी मालकाचा माल सरकारी भिंतीवर टांगला की त्याची किंमत आपोआप वाढते. झालंही तसंच. १९८९ मध्ये अँड्र्यूजने हा राष्ट्रीय ठेवा एका जपानी खरेदीदाराला विकला. त्या वेळच्या बातम्यांत आकडा होता ४ ते ५ कोटी डॉलर. तीन वर्षांत सात-आठ पट. यातलं अँड्र्यू वायथला काही मिळालं नाही. काही वर्षांनी चित्रं अमेरिकेत परत आली आणि मग सुटी सुटी विकली गेली. जो ढीग फुटू नये म्हणून एकगठ्ठा दिला होता, तो असा पांगला.

घराचं काय झालं? तर घर मोडलं नाही. बेट्सी आणि अँड्र्यू शेवटपर्यंत नवरा-बायको राहिले. बेट्सी त्याचं काम बघतच राहिली. आणि हेल्गाही गेली नाही. अँड्र्यूच्या म्हातारपणात ती त्याच्या आसपास राहिली, त्याचं हवं नको बघायची, जशी एकेकाळी कार्ल कर्नरचं बघत होती. फार वर्षांनी ती बोललीही. २०१३ मध्ये बीबीसीने अँड्र्यूवर माहितीपट केला, त्यात हेल्गा कॅमेऱ्यासमोर दिसते.

१९८९ मध्ये, म्हणजे इकडे हेल्गाच्या चित्रांचा जपानशी सौदा झाला त्याच वर्षी, अँड्र्यूने एक मोठं टेंपरा चित्र पुरं केलं. स्नो हिल. टेकडी तीच, कर्नरची. सगळीकडे बर्फ. मधोमध एक उंच खांब, त्याला रंगीत फिती आणि फिती धरून गोल फेर धरलेली माणसं. ही सगळी त्याने आयुष्यभर रंगवलेली माणसं आहेत. त्यात मेलेला कार्ल आहे, ॲना आहे, १९४६ च्या चित्रात टेकडी धावत उतरणारा पोरगा आहे. वेण्या उडत असलेली हेल्गा आहे. एक फीत मात्र कोणीच धरलेली नाही. ती नुसती वाऱ्यावर आहे. ती कोणाची यावर लोक अजून वाद घालतात. कोणी म्हणतं क्रिस्टीनाची, कोणी म्हणतं खुद्द अँड्र्यूची.

१६ जानेवारी २००९ ला चॅड्स फोर्डच्या घरी, झोपेतच, अँड्र्यू गेला. वय ९१. बेट्सी त्याच्यानंतर ११ वर्षं जगली. जिथे तो जन्मला, जिथे बाप गेला, जिथे हेल्गा भेटली, त्या गावात त्याला पुरलं नाही. त्याला मेनला नेलं. समुद्राकाठी ओल्सन कुटुंबाची छोटी दफनभूमी आहे, तिथे क्रिस्टीना आणि अल्वारोच्या जवळ त्याची कबर आहे. तिथून वर बघितलं की क्रिस्टीनाज वर्ल्डमधलं ते घर दिसतं.